मागची फांदी

नव्या मुंबईत आजवर जेवढी पित्ताशयं निघाली, त्यांतली निम्मी आमच्या सरांनी काढली, आणि उरलेली निम्मी दुसऱ्या कुणीतरी काढली याचं त्यांना अजूनही मनापासून वाईट वाटतं. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण त्यांनी काढलेल्यांपैकी बहुतेकांना भूल मीच दिली आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरची जागा टेबलाच्या डोक्याशी असते. रुग्ण झोपलेला, सर्जनचे डोळे पडद्यावर, सिस्टरचे डोळे सर्जनच्या हातांवर. त्या खोलीत सर्जनकडे निवांत बघायला सवड असते ती फक्त आम्हाला. तशी मी सरांकडे सोळा वर्षं बघितली. बुटकी, रुंद मूर्ती, टेबलाशी उंची पुरत नाही म्हणून पायाखाली लाकडी पाट, आणि पाटावर उभं राहिल्यावर चेहऱ्यावर असा भाव, की आता आजूबाजूला भूकंप झाला तरी काम संपल्यावर बघू.

सर मूळचे करावे गावचे. जुन्या घराच्या जागी आता चार मजली इमारत आहे, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर सर आणि वहिनी राहतात. गावातले लोक त्यांना दवाखान्यात कधीच भेटत नाहीत. ते त्यांना जिन्यात, मासळीच्या बाजारात आणि हळदीच्या मांडवात गाठतात. सरही मांडवात उभ्या उभ्या “काय गो, कवापासना दुखतंय?” असं विचारून पोट तपासतात आणि नवऱ्यामुलाच्या आत्याला उद्या सोनोग्राफीला यायला सांगतात. हा त्यांचा एक भाग झाला. दुसरा भाग म्हणजे गाठ.

गाठीचं प्रकरण थोडं समजावून सांगायला हवं. पित्ताशयाला रक्त पुरवणारी एक छोटीशी धमनी असते, साधारण उदबत्तीच्या काडीएवढी. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना ती आधी बंद करायची आणि मगच कापायची. बंद करण्याचे मुख्य मार्ग तीन. बहुतेक सर्जन तिच्यावर धातूची इवलीशी क्लिप दाबून बसवतात. कागदाला पिन मारावी तसं, क्षणात काम होतं. अलीकडे एक यंत्र निघालं आहे, ते अतिवेगाने थरथरून उष्णतेने धमनीची तोंडं मिटवतं आणि कापतंही. तिसरा मार्ग म्हणजे दोरा घालून गाठ मारणे. पण ही गाठ पोटाच्या आत, दोन लांब चिमट्यांनी, पडद्यावर बघत मारायची असते. दुसऱ्याच्या खोलीत जळणाऱ्या दिव्याची वात खिडकीबाहेरून दोन लांब काड्यांनी वळायची, एवढं ते सोपं. सगळ्यांनी क्लिप धरली, काहींनी यंत्र धरलं. आमचे सर दोऱ्याला चिकटून राहिले.

कोळीवाड्याशेजारी वाढलेला माणूस, म्हणून लोक समजायचे की जाळी विणता विणता हात तयार झाला असणार. सरांना या समजुतीचा फार राग. “जाळी माझा काका विणायचा,” ते सांगायचे. “मी एकदा हात लावला तर त्याने मला हाकलून दिलं. अख्ख्या खाडीत माझ्याएवढा निरुपयोगी पोरगा नव्हता.” गाठ ते पुढे, मोठेपणी, जिद्दीने शिकले होते, आणि शिकलेली विसरू नये म्हणून जिथे दोरा दिसेल तिथे मारत होते. मीटिंगमध्ये खुर्चीच्या हाताला दोरा बांधून त्यांच्या गाठी चालू. कुणाला मिठाईचा खोका दिला तर तो उघडायला घरातली सगळी माणसं लागत. एकदा एका हळदीत गजऱ्याचा दोरा तुटला म्हणून सरांनी तो जोडून दिला. ती बाई सांगत होती, फुलं सुकून गळून गेली, दोरा अजून तसाच आहे. वहिनींनी तर धान्याच्या पिशव्यांना सरांनी हात लावायचा नाही असा नियमच केला होता. “मला रोज कात्री शोधावी लागते हो,” त्या मला म्हणाल्या.

ओपीडीत त्यांच्या टेबलाच्या खणात बागेतल्या पाईपचा वीतभर तुकडा असे. प्रत्येक रुग्णाला ते त्यावर तिन्ही पद्धती समजावत. आधी क्लिप लावून दाखवत आणि बोटाने ढकलून सरकवत. मग मेणबत्तीने पाईपचं टोक वितळवत आणि म्हणत, “बंद झालं खरं, पण शेजारी काय काय आहे ते बघा. पित्ताची नळी जवळच आहे. तिला आच लागली तर?” शेवटी दोरा काढून गाठ मारत आणि पाईप रुग्णाच्या हातात देत. “ओढा. अजून ओढा.” रुग्ण बिचारा ओढायचा. सगळं संपल्यावर सर विचारायचे, “काही शंका?” आणि रुग्ण विचारायचा, “मासे कधी खायचे?”

माझं आणि सरांचं भांडण वेळेवरून होतं. क्लिपने जे काम मिनिटात होतं, त्याला गाठीने जास्त वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ रुग्ण माझ्या भुलीखाली असायचा.

“सर, अजून किती?” मी विचारायचे.

“मॅडम, तुमचा पेशंट शांत आहे ना?”

“आहे.”

“मग तुम्हीपण शांत राहा.”

कुणी फारच वाद घातला तर मात्र सर आवाज खाली आणून एक गोष्ट सांगायचे. तीन-चार वाक्यांचीच. सुरुवातीच्या दिवसांत तेही सगळ्यांसारखी क्लिपच लावायचे. उरणची एक बाई होती, तिशीतली. ऑपरेशन नीट झालं आणि संध्याकाळी आतली क्लिप सरकली. परत पोट उघडलं, पण ती गेली. एवढं सांगून सर थांबायचे, आणि समोरचाही थांबायचा. त्या गोष्टीनंतर वाद चालू ठेवणारा माणूस मी पाहिला नाही.

पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तरुण सर्जन आला. त्याचा हात क्लिपवर बसलेला, यंत्रही सहज चालवायचा. सरांनी पहिल्याच आठवड्यात त्याला दोऱ्याचं रीळ दिलं. त्याने ते आदराने घेतलं आणि कपाटात ठेवून दिलं. तेव्हापासून दोघांचं रोज भांडण आणि रोज एकाच डब्यातलं जेवण. वहिनी दोघांना पुरेल असा डबा भरू लागल्या होत्या.

मग वाशीला डॉक्टरांच्या एका सभेत या मुलाने तिन्ही पद्धतींवर भाषण केलं. फार प्रामाणिकपणे केलं. दोरा स्वस्त आणि पक्का, पण शिकायला अवघड आणि वेळखाऊ. क्लिप झटपट, पण घाईत अर्धवट बसली तर निसटू शकते. यंत्राने हत्यारं बदलण्याचा वेळ वाचतो, पण उष्णता कुठवर पसरते यावर लक्ष हवं, आणि धमनी जाड असली तर भरवसा कमी. सरावलेल्या हातात तिन्ही चांगल्या, असं म्हणून त्याने संपवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर उभे राहिले. मला वाटलं, आता हे त्याची पाठ थोपटतील. त्यांनी उरणच्या बाईची गोष्ट सांगितली. तो मुलगा मान खाली घालून व्यासपीठावरून उतरला. परतताना गाडीत मला म्हणाला, “मॅडम, मेलेल्या माणसापुढे मी कुठला मुद्दा मांडणार?” त्या दिवशी पहिल्यांदा मला सरांचा राग आला.

गेल्या वर्षी सरांच्या पोटात दुखू लागलं. दुखणं अंगावर काढणाऱ्या रुग्णांना उभं आडवं झापणारा हा माणूस चार महिने ओवा चघळत राहिला आणि वहिनींच्या वाटणात खोबरं जास्त होतं असं सांगत राहिला. शेवटी एकदा ऑपरेशन संपवून पाटावरून उतरताना ते तिथेच वाकले. सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे, आणि पित्ताशय चांगलंच सुजलेलं. चित्र बघून सर म्हणाले, “कुणाचं आहे हे? काढायला पाहिजे लवकर.” त्यांना ठाऊक होतं कुणाचं आहे ते.

मुंबईतल्या मोठमोठ्या सर्जनांची नावं सुचवली गेली. सरांनी सगळ्यांना नाही म्हटलं आणि आमच्या धाकट्या सर्जनचं नाव घेतलं. भूल मी द्यायची. ते ऐकून तो मुलगा पांढराफटक पडला. त्यानंतरचे आठ-दहा दिवस तो रोज काम संपल्यावर सरावाच्या खोक्यात लांब चिमटे घालून गाठी मारत बसायचा. कपाटातलं रीळ बाहेर आलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, “सरांना मी क्लिप कशी लावू? गाठच मारणार. येईल मला.” येत होती, पण घामाने त्याचा शर्ट भिजत होता. मला मनातून भीती वाटली. सुजलेलं पित्ताशय, गुरूचं शरीर, आणि हाताला सवय नसलेलं काम. पण सरांना सांगणार कोण?

ऑपरेशनच्या सकाळी मी सरांना तपासायला गेले. हिरवा गाऊन घालून ते पलंगावर बसले होते आणि त्या गाऊनमध्ये अगदी लहान दिसत होते. धाकटा सर्जनही आला होता. धीर द्यावा म्हणून तो म्हणाला, “सर, काळजी करू नका. मी गाठच मारणार आहे. रोज सराव केलाय.”

सरांनी सिस्टरला बाहेर पाठवलं आणि दार लावायला सांगितलं.

“तू क्लिप लाव,” ते म्हणाले.

“नाही सर, तुमची इच्छा मला…”

“ऐक. ती क्लिप सरकली नव्हती.”

आम्हाला दोघांनाही आधी काही कळलंच नाही. सर गाऊनच्या कडेशी चाळा करत, आमच्याकडे न बघता बोलत होते. “उरणची बाई. मी परत पोट उघडलं, तेव्हा क्लिप जागच्या जागी होती. अगदी मी लावली तशी. रक्त येत होतं मागच्या फांदीतून. तिची धमनी आधीच दुभागलेली होती. पुढची फांदी मला दिसली, तिला मी क्लिप लावली आणि समजलो की झालं. मागची मी बघितलीच नाही. पित्ताशय सोडवताना ती अर्धवट जळली, तेवढ्यापुरती मिटली आणि दुपारी कधीतरी सुटली. क्लिप असती, गाठ असती, तुझं ते यंत्र असतं, काय फरक पडला असता? जी दिसलीच नाही तिला बांधणार काय?”

“पण सर, तुम्ही तर इतकी वर्षं…”

“बाहेर तिचा नवरा उभा होता. मला विचारलं, काय झालं? माझ्या तोंडून निघालं, क्लिप सरकली. त्या एका मिनिटात निघालं. मग तेच लिहिलं, तेच सगळ्यांना सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. गाठ शिकलो, तीसुद्धा त्यातूनच. गाठ वाईट नाही. पण मी ती ज्या कारणासाठी धरली ते कारण खोटं होतं.” मग ते पहिल्यांदा त्या मुलाकडे वळले. “तुझा हात क्लिपवर चालतो ना? मग क्लिप लाव. फक्त मागे बघ. पुन्हा पुन्हा बघ. वाशीला मी तुझ्यावर अन्याय केला.”

मी सोळा वर्षं ज्यांच्याकडे बघत आले होते, ते हेच का, असं मला वाटलं. रागही आला होता आणि त्यांचा हात हातात घ्यावासाही वाटत होता. मी नाडी बघण्याचं निमित्त करून तो घेतला.

सरांना भूल दिली आणि ते झोपले. धाकट्या सर्जनने काम सुरू केलं. सूज खूप होती, सगळं एकमेकांना चिकटलेलं. बराच वेळ तो नुसता वाट मोकळी करत होता. पुढची धमनी दिसली. तो थांबला. पित्ताशय उचलून त्याने दुसऱ्या बाजूने पाहिलं, परत या बाजूने पाहिलं. खोलीत फक्त माझ्या मशीनचा आवाज येत होता. मी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. मग त्याने अगदी हळू आवाजात म्हटलं, “मॅडम, आहे. मागे पण आहे एक.” पडद्यावर मलाही दिसली, पातळ, निळसर आवरणाखाली धडधडणारी. त्याने पुढच्या फांदीला क्लिपा लावल्या, मागचीला लावल्या, मग दोन्ही कापल्या. रक्ताचा थेंब आला नाही. काम संपल्यावर तो हातमोजे न काढताच कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिला.

सर शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, “होती?”

“होती सर.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

सरांनी डोळे मिटले. वहिनींना वाटलं, दुखतंय.

महिनाभराने एका रविवारी सरांचा फोन आला. “मॅडम, उरणला जायचंय. तुम्ही आलात तर बरं. एकटा गेलो तर वाटेतनं परत फिरेन.” गाडी मीच चालवली. उलवे मागे पडलं, कंटेनरच्या ट्रकांच्या रांगा लागल्या, आणि सर खिडकीतून त्या रंगीत पेट्या मोजत असल्यासारखे बाहेर बघत होते.

त्या बाईचा नवरा आता साठीचा होता. गोदामातल्या नोकरीतून निवृत्त, घरात एकटाच. मुलगी लग्न होऊन पनवेलला. त्याने सरांना दारातच ओळखलं आणि दोन खुर्च्या पुढे ओढल्या. सर त्याच्याशी गावच्या बोलीत बोलू लागले. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ सांगून टाकलं. “मी तवा तुमाला खोटं बोललो. क्लिप सरकली नव्हती. क्लिप जागंवर व्हती. माजंच चुकलं. मागची शीर मी पाह्यलीच नाय.”

तो माणूस ओरडेल, हाकलून देईल, अशी माझ्या मनाची तयारी झाली होती. तो पुढे वाकला. मग त्याने विचारलं, “क्लिप जागंवर व्हती?”

“व्हती. माज्या डोल्यांनी पाह्यली.”

“मंग मी उठवली म्हनून नाय?”

सरांना कळेना. मलाही. तो माणूस जमिनीकडे बघत सांगू लागला. “त्या संध्याकाली ती बोलली, मला बसायचंय. सिस्टर बोलली, हलूच बसवा. मी काखंत हात घालून बसवली. जरा जोरानंच वढली असंल. मंग ती बोलली, चक्कर येते. मंग सगली धावाधाव. तुमी बाहेर येवून बोललात, आतली क्लिप सरकली. मी मनात बोललो, सरकनारच. मीच वढली ना तिला.” तो थांबला. “कोनाला बोललो नाय. पोरीला पन नाय. आईला बापानंच मारली, हे कसं सांगनार?”

सर खुर्चीतून उठले आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसले. “नाय,” ते म्हणाले. “तुमी बसवली म्हनून काय झालं नाय. नसती बसवली तरी रक्त गेलंच असतं. ते दुपारपासनाच चालू झालेलं.”

“खरं?”

“खरं.”

“परत खोटं बोलत नाय ना, डाक्टर?”

“नाय.”

त्याने हेच आणखी दोनदा विचारलं, आणि सरांनी दोन्ही वेळा तसंच उत्तर दिलं. मग तो उठून मोरीवर गेला. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तोंड पुसत बाहेर आला तेव्हा मात्र त्याचा आवाज बदललेला होता. “तवाच का नाय बोललात?”

“भ्यालो.”

“कोनाला?”

“तुमाला. आनि माजं नाव जाईल म्हनून.”

“तुमचं नाव,” तो म्हणाला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. “आता जावा तुमी.”

आम्ही निघालो. गाडीत बसल्यावर सर म्हणाले, “मॅडम, मी खोट्याची शिक्षा घ्यायला आलो होतो. ती दुसराच माणूस भोगत होता.” मग थोड्या वेळाने, “माफी मागायची राहूनच गेली.” मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. परत वळवू का, असं विचारलं. त्यांनी मान हलवली. “त्यानं जावा म्हटलंय. त्यानं बोलावलं तर.”

सर आता ऑपरेशनं करत नाहीत. सकाळी येतात, धाकट्या सर्जनच्या मागे उभे राहतात आणि एकच गोष्ट विचारतात, “मागे बघितलंस?” कुठली पद्धत वापरायची हे विचारत नाहीत. तो मुलगा कधी क्लिप लावतो, कधी यंत्र घेतो, आणि अलीकडे, सरांनी सांगितलेलं नसताना, कधी कधी दोराही मागतो.

पावसाळा संपता संपता उरणहून त्यांना फोन आला. तो माणूस इतकंच म्हणाला, “पोरीला सांगितलं. ती बोलते, मला डाक्टरच्या तोंडून ऐकायचंय. रविवारी ती इथं येनार हाय.” सरांनी मला ते सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, येते मी, गाडी काढते. त्यांनी थोडा विचार केला. “नको. या वेळी एकटाच जातो.”

त्या रविवारी दिवसभर मी फोन जवळ ठेवून होते. दुपारी आला नाही, संध्याकाळी पाच वाजताही नाही. सात वाजता आला. मी काय झालं विचारलं. पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता, म्हणजे ते अजून तिकडेच कुठेतरी उभे असावेत.

“मॅडम,” ते म्हणाले, “ती अगदी आईसारखी दिसते.”

फोन कुणी आधी ठेवला ते आता मला आठवत नाही.